तेल घालावे कुणाला?

तेल घालण्यात मराठी माणसाचा हात कुणी धरू शकणार नाही. तो डोळ्यांत तेल घालतो, आगीत घालतो, शनिवारी मारुतीला घालतो. आणि आमच्या तुळजापुरात तर दारी आलेल्या आराध्याच्या पोतावर तेल घातल्याशिवाय त्याला माघारी पाठवायचे पाप कुणी करत नाही. फक्त एकाच ठिकाणी तेल घालायचे म्हटले की हा हात एकदम आखडतो. ते ठिकाण म्हणजे स्वतःच्या मोटारसायकलची चेन.

हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यातलाच होतो. माझ्याकडे एक जुनी स्प्लेंडर आहे. दर खंडेनवमीला मी तिला न्हाऊ घालायचो, हळदकुंकू लावायचो, झेंडूचा हार घालायचो, चाकाखाली लिंबू ठेवून नारळ फोडायचो. बाकीचे ३६४ दिवस तिने माझी सेवा करायची. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर वर्षातून एकदा हप्ता भरायचा आणि वर्षभर ओव्हरड्राफ्ट उचलायचा.

कन्येची प्रवेशपरीक्षा होती सोलापूरला. तुळजापूर ते सोलापूर ४५ किलोमीटर, आणि गावाबाहेर पडले की लगेच घाट. सौभाग्यवतींनी हातावर दही ठेवले, देवीच्या कळसाला लांबूनच हात जोडले आणि निघालो. घाटाच्या मध्यावर गाडीने एक उचकी दिली आणि ती बंद पडली.

मी गाडी कडेला घेऊन किक मारली. मग आणखी मारल्या. चाळीसपर्यंत मोजल्या, पुढे मोजायला दम उरला नाही. बँकेत लाखाची बेरीज जुळली नाही तरी मी डगमगत नाही, पण त्या दिवशी गाडीच्या कुठल्या भागाकडे पाहून चिंता करायची हेच मला समजेना. म्हणून मी सगळ्या गाडीकडे मिळून चिंता करत होतो. कन्या घड्याळ पाहात होती. काही बोलत नव्हती, हे जास्त वाईट.

इतक्यात कॅन लावलेल्या मोटारसायकलवरून एक दूधवाला आला. थांबला. त्याने मला काही विचारले नाही, गाडीलाच विचारले. म्हणजे वाकून पाहिले, प्लगवरची निसटलेली टोपी अंगठ्याने दाबून बसवली, एक किक मारली आणि गाडी सुरू! माझा हात खिशाकडे गेला, पण त्याचे लक्ष नव्हते. चेनकव्हरवरचे रबरी बूच काढून तो आत बोट घालून चेन वर-खाली करत होता.

"सायेब, चेनचा पाळणा झालाय की वो. ह्या उताराला चेन उतरून मागचं चाक जाम झालं म्हंजी? मागं लेकरू बसवताव अन् बगत न्हाईत व्हय?"

घाटात खाली पाहिले आणि माझी बोबडी वळली. पुढचे चाळीस किलोमीटर बैलगाडीच्या वेगाने गेलो. परीक्षेचे दार बंद व्हायला दहा मिनिटे असताना पोचलो. आत जाताना कन्येने एवढेच विचारले, "बाबा, तुम्हाला खरंच येत नाही?"

ही हकीकत मी शाखेत सांगितली, तेव्हा आमच्या रोखपालांनी माझे सांत्वन केले. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? ज्याचं काम त्यानं करावं. मिस्त्री येतो का आपल्याकडं लेजर टॅली करायला? आणि तुम्ही पाना हातात घेतला तर त्या गरिबानं खायचं काय?"

या बोलण्याविरुद्धच मी आज लेखणी उचलली आहे. रोखपाल म्हणजे एकटे रोखपाल नव्हेत. ती आपल्या सबंध पांढरपेशा समाजाची वृत्ती आहे. 'ज्याचं काम त्यानं करावं' हे तत्त्व आम्ही कॉमर्सवाल्यांनी ॲडम स्मिथकडून पाठ केलेले असते. १७७६ सालच्या त्याच्या ग्रंथात टाचण्यांचा कारखाना आहे. एका टाचणीची अठरा कामे दहा माणसांत वाटून दिली की दिवसाला ४८,००० टाचण्या होतात. हे बी. कॉम.च्या पेपरात मी दोनदा लिहिले, कारण पहिल्यांदा नापास झालो होतो. पण याच ग्रंथात फार पुढे स्मिथसाहेबांनी असेही म्हटले आहे की, जन्मभर दोन-चारच ठराविक कामे करणाऱ्या माणसाची बुद्धी गंजते आणि तो माणूसपणाला शक्य तितका मठ्ठ होतो. हे पान आम्हाला परीक्षेला नव्हते. घाटात मात्र तेच निघाले.

आणि मिस्त्रीच्या पोटाची ही काळजी केव्हापासून? त्याने ऐंशी रुपये मजुरी सांगितली की त्यातले वीस कमी करताना हीच मंडळी कुठल्या कुठे घसरतात, ते मी पाहिले आहे. चेनला तेल घातल्याने कुठल्याही मिस्त्रीची चूल विझत नाही. मी आमच्या मिस्त्रीलाच विचारले. तो म्हणाला, "सायेब, तेल घालायला गिऱ्हाईक आलं तर मला धा रुपयं बी मागू वाटत न्हाईत. अन् तेल घातलंच न्हाई तर चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलाया येतंय. तवा मागतो." म्हणजे आपल्या आळसावर त्याचे पोट चालावे, हीच रोखपालांची दानशूर योजना!

आमचे वडील शाळामास्तर. त्यांच्याकडे राजदूत होती. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. त्यामुळे प्लगवर काजळी धरायची आणि गाडी कुठेही हटून बसायची. वडिलांच्या खिशात पेनाशेजारी पॉलिशपेपरचा तुकडा असे. प्लग काढायचा, घासायचा, लावायचा, आणि हात रुमालाला पुसून वर्गात शिरायचे. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. गाडी खरोखरच चांगली होती, तिथेच घोटाळा झाला! आपण त्या तीन आज्ञांपैकी तिसरीच मनापासून पाळली. झाकण लावायचे काम पंपावरचा पोऱ्या करतो.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझे भांडण आहे. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून रविवारी इंजिन उलगडून बसणारे आणि 'पैसे वाचवले' म्हणून सांगत सुटणारे. पैसे वाचत नाहीत. मी हिशेब ठेवला आहे. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, ऑइल काढायची थाळी मिळून सोळाशे रुपये. पहिल्यांदा ऑइल बदलले तेव्हा खालचा बोल्ट मी असा काही आवळला की त्याचे आटेच गेले. मिस्त्रीने पाहिले आणि म्हणाला, "सायेब, आटे बोल्टचेच गेलेत न्हवं?" त्या आट्यांचे सहाशे. तेलाने वाया गेलेली पँट वेगळी. पहिल्या वर्षाचा ताळेबंद निव्वळ तोट्याचा आहे. आणि २०२० च्या एप्रिलपासून निघालेल्या बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्याला आपल्यासारख्याने हात लावू नये. तिथे खुशाल पैसे मोजावेत.

पण चेन? ती एक इंचाच्या आसपास हलावी. जास्त हलली तर मागच्या चाकाचे नट सैल करून ती ताणायची आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आणायच्या. ज्याने वीस वर्षे जमाखर्चाच्या दोन बाजू जुळवल्या त्याला हे अवघड का जावे? पाचशे-सहाशे किलोमीटरला तेल. टायरची हवा, ब्रेकचा ढिलेपणा, प्लगची टोपी. सगळ्याला मिळून रविवारचा अर्धा तास. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की प्रत्यक्ष तुळजाभवानीही पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. राबणाऱ्याची देखभाल करावी लागते, हे तिच्याच गावात राहून मला दूधवाल्याकडून शिकावे लागले. मिस्त्रीला मजुरी द्यावी, भरपूर द्यावी. पण मागे पोर बसवल्यावर तिचा जीव ज्या चेनवर अवलंबून आहे, ती चेन शेवटची कुणी पाहिली, हे मला माहीत असले पाहिजे. त्याची पावती कुणी देत नाही.

रोखपालांना हे पटलेले नाही. "पण हात काळे होतात हो," हा त्यांचा शेवटचा मुद्दा. तो मात्र मला मान्य करावा लागतो. कन्या आता प्लग माझ्यापेक्षा लवकर काढते, आणि तिच्या आईच्या मते 'पोरीचे हात बघवत नाहीत'. माझ्याही नखांतला काळेपणा सोमवारी बँकेत येतो. परवा पेन्शन घ्यायला आलेल्या एका आजीबाईंनी पासबुक घेताना माझ्या तर्जनीकडे निरखून पाहिले आणि काचेजवळ तोंड आणून हळूच विचारले, "सायेब, तुमी बी मिसरी लावताव व्हय?"