चोलमंडलाची सहल तीन देवळांवरच का थांबते?

(विशेष प्रतिनिधी)

तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातील गंगैकोंडचोलपुरम हे छोटेसे गाव जुलै २०२५ मध्ये देशभरच्या बातम्यांत झळकले. राजेंद्र चोलाच्या आग्नेय आशियातील सागरी मोहिमेला हजार वर्षे झाल्याच्या निमित्ताने तेथे आडि तिरुवादिरै उत्सव साजरा झाला. पंतप्रधान नरेंद्र मोदी त्यास उपस्थित राहिले आणि राजेंद्राच्या स्मरणार्थ नाणेही प्रकाशित करण्यात आले.

याच जिल्ह्यात श्रीपुरंतान नावाचे आणखी एक गाव आहे. तेथेही चोलकालीन शिवमंदिर आहे आणि त्या मंदिराचेही नाव बृहदीश्वरच. तेथील नटराजाची पंचधातूची मूर्ती २००६ मध्ये चोरीस गेली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती २००८ च्या आरंभी ५० लाख अमेरिकी डॉलरला विकत घेतली, तोपर्यंत गावाला चोरीचा पत्ताही नव्हता. मंदिर बंद होते, पूजा थांबलेली होती आणि आत डोकावणारे कोणी नव्हते. त्याच वर्षी पुढे दार उघडले गेले, तेव्हा देव जागेवर नसल्याचे उघड झाले.

एकाच राजघराण्याच्या वारशातील, एकाच जिल्ह्यातील आणि एकाच नावाच्या या दोन मंदिरांच्या नशिबात एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न केवळ पोलीस बंदोबस्ताचा नाही. चोलमंडलात आपण कोणती मंदिरे पाहतो आणि कोणती मागे टाकून पुढे जातो, याच्याशीही त्याचा थेट संबंध आहे.

तीन थांबे, एक मोटार

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील मंदिरांची सहल आता बऱ्यापैकी ठरून गेली आहे. सकाळी तंजावरचे बृहदीश्वर, दुपारनंतर कुंभकोणमजवळचे दारासुरम आणि दुसऱ्या दिवशी गंगैकोंडचोलपुरम. तंजावरच्या मंदिराला युनेस्कोने १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. २००४ मध्ये उरलेल्या दोन मंदिरांचा त्यात समावेश झाला आणि ‘चोलांची महान जिवंत मंदिरे’ असे या त्रयीचे नामकरण झाले. पर्यटन संस्थांना तयार मार्ग मिळाला तो येथूनच.

ही तीन मंदिरे त्या सन्मानास पात्र आहेत, याविषयी दुमत नाही. राजराजाने १०१० मध्ये पूर्णत्वास नेलेल्या तंजावरच्या मंदिराचे विमान दोनशे फुटांहून उंच आहे. गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायक काळातील चित्रांच्या थराखाली चोलकालीन भित्तिचित्रे दडली असल्याचे १९३१ मध्ये उजेडात आले. राजेंद्राचे गंगैकोंडचोलपुरम वडिलांच्या मंदिराहून थोडे बुटके, पण रेषेने अधिक सौम्य. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराजाने उभारलेल्या दारासुरमच्या मंदिरात रथाच्या आकाराचा मंडप आहे आणि ६३ नायन्मार संतांच्या कथा वीतभर शिल्पपट्टांत कोरलेल्या आहेत.

अडचण आहे ती सहल येथेच संपते याची. तंजावर ते कुंभकोणम हे अंतर अवघे ४० किलोमीटर. वाटेपासून थोडेसेच आत गेले की दहाव्या शतकातील पुळ्ळमंगैचे मंदिर लागते. त्याच्या पायथ्यावरील लघुशिल्पांत रामायणातील प्रसंग इतके बारकाईने कोरले आहेत की ते पाहण्यासाठी खाली वाकावे लागते. खुद्द कुंभकोणमच्या बाजारपेठेत नवव्या शतकाच्या अखेरचे नागेश्वर मंदिर आहे. त्याच्या भिंतींवरील मानवाकृती आरंभीच्या चोल शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना मानल्या जातात. शहराबाहेर काही किलोमीटरवर तिसऱ्या कुलोत्तुंगाचे त्रिभुवनम आहे. पलीकडे कोनेरीराजपुरम येथे सेंबियन महादेवी या चोल राणीने विटांच्या जागी दगडात उभारलेले मंदिर आहे. चोल कलेचा विकास कसा झाला, हे या लहान मंदिरांवाचून उमगत नाही. तीन मोठी मंदिरे म्हणजे त्या कथेचा उत्तरार्ध आहे.

ओस पडलेली दारे

गेल्या ७० वर्षांतील गाजलेल्या मूर्तिचोऱ्या पाहिल्या, तर एक सूत्र पुन्हा पुन्हा हाती लागते. कुंभकोणमजवळच्या शिवपुरम येथे १९५१ मध्ये शेतात मूर्ती सापडल्या. त्यातील नटराज दुरुस्तीसाठी म्हणून बाहेर गेला आणि मंदिरात परत आली ती नक्कल. अस्सल मूर्ती पुढे अमेरिकी उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्या संग्रहात पोहोचली. दीर्घ वादानंतर १९८६ मध्ये ती भारतात परतली.

पत्तूरचे मंदिर तर भग्नावस्थेतच होते. तेथे १९७६ मध्ये जमिनीखाली मूर्ती सापडल्या आणि त्यातील नटराज लंडनमार्गे कॅनडातील एका कंपनीच्या मालकीचा झाला. इंग्लंडच्या न्यायालयात चाललेल्या खटल्यात पडक्या मंदिरालाही कायद्याच्या दृष्टीने दावा करणारी ‘व्यक्ती’ मानण्यात आले, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने मंदिराच्या बाजूने कौल दिला आणि देव स्वदेशी परतले.

श्रीपुरंतान हा याच साखळीतील पुढचा दुवा. तेथील नटराज सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी दिल्लीत भारताच्या स्वाधीन केला. न्यूयॉर्कमधील कलावस्तूंचा व्यापारी सुभाष कपूर याला २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली, २०१२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि २०२२ मध्ये मूर्तिचोरीच्या एका प्रकरणात कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला १० वर्षांची शिक्षा सुनावली.

मोठ्या मंदिरांतून काहीच गेले नाही, असे मुळीच नाही. राजराज आणि त्याची राणी यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन मूर्ती २०१८ मध्ये अहमदाबादच्या एका संग्रहालयातून तंजावरला परत आणाव्या लागल्या. तरीही अलीकडच्या काळातील चोरांनी वारंवार निवडली ती दिवा लागत नसलेली, कुलूप गंजलेली देवळे. जेथे रोज चार माणसे येतात तेथे रिकामे सिंहासन दोन वर्षे लपून राहू शकत नाही.

कुलपातले देव

राज्याच्या हिंदू धार्मिक व धर्मादाय विभागाकडे ३६ हजारांहून अधिक मंदिरे आहेत. पळणी किंवा श्रीरंगमसारखी मोजकी श्रीमंत सोडली, तर बहुसंख्य मंदिरांचे वार्षिक उत्पन्न १० हजार रुपयांच्याही आत आहे. एवढ्यात तेल, फुले, नैवेद्य, पुजाऱ्याचे मानधन आणि पहारेकरी बसणे अशक्यच. दिवसातून निदान एकदा पूजा व्हावी म्हणून ठेव ठेवून तिच्या व्याजातून खर्च भागवण्याची योजना आहे. पण एकेक पुजारी चार-चार गावांची देवळे सांभाळतो. तो सकाळी येतो, दिवा लावतो, कुलूप घालून पुढच्या गावी जातो.

चोऱ्यांवर शासनाने काढलेला तोडगा म्हणजे मूर्तिरक्षण केंद्रे. तिरुवारूरसारख्या ठिकाणी शेकडो गावांचे देव भक्कम खोल्यांत एकत्र ठेवले आहेत. उत्सवाच्या दिवशी मूर्ती गावी नेऊन परत आणायची, अशी रीत आहे. मूर्ती सुरक्षित राहते हे खरे; परंतु देवच गावात नसेल तर मंदिराकडे वळणारी पावले आणखी कमी होतात. मग भिंतीवर पिंपळ उगवतो, छत गळते आणि दगडी शिल्पेही वाऱ्यावर सोडली जातात. धातूचे देव वाचवताना दगडाचे मंदिर हरवते आहे, याची दखल या व्यवस्थेत पुरेशी घेतली गेलेली नाही.

येथे राजराजाचा आदर्श आठवावा. तंजावरच्या मंदिरातील शिलालेखांत त्याने, त्याच्या बहिणीने आणि राण्यांनी अर्पण केलेल्या मूर्तींची नोंद उंची, हातांची संख्या अशा तपशिलांसह आहे. मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या ४०० नर्तकींची नावे, त्या कोणत्या मंदिरातून आल्या आणि कोणत्या घरात राहात, हेही दगडावर कोरलेले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला मालमत्तेच्या नोंदीचे महत्त्व कळले होते. आपल्या काळात मात्र चोरीस गेलेल्या मूर्ती ओळखण्यासाठी अनेकदा पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतील जुन्या छायाचित्रांचा आधार घ्यावा लागला. आनंदमंगलम येथून १९७८ मध्ये गेलेल्या राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या मूर्ती २०२० मध्ये ब्रिटनमधून परतल्या, त्या १९५८ च्या छायाचित्रांमुळेच. छायाचित्र नसते तर मालकी सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

गर्दीचेही भय

लहान मंदिरांकडे पर्यटक वळवा, असे म्हणताना दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. पैसा आला की जीर्णोद्धार येतो आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली किती नासधूस होते, याचे दाखले तमिळनाडूत विपुल आहेत. वाळूच्या झोताने दगड घासून कोरीव लेख पुसट करणे, जुन्या फरशीवर चकचकीत ग्रॅनाइट बसवणे, चुन्याच्या जागी सिमेंट लिंपणे, हे प्रकार वर्षानुवर्षे चालले. २०१७ मध्ये युनेस्कोच्या पाहणी पथकाने राज्यातील मंदिरांच्या जतनकामातील तज्ज्ञांच्या उणिवेवर बोट ठेवले. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मंदिरे आणि वारसा वास्तूंच्या रक्षणासाठी ७५ निर्देश दिले. मोठ्या मंदिरांतही सारे आलबेल नसते. २०१८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या आवारात एका आध्यात्मिक संस्थेच्या कार्यक्रमासाठी मंडप उभे राहिले, तेव्हा न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला.

म्हणूनच शेकडो बसगाड्या पुळ्ळमंगैला नेऊन उभ्या करणे हे उत्तर ठरत नाही. गरज आहे ती थोड्या, पण सातत्याच्या वर्दळीची. ती शक्य आहे, याचा पुरावाही याच प्रदेशात मिळतो. कुंभकोणमच्या परिसरात नवग्रहांची नऊ मंदिरे आहेत. सूर्यनार कोविल, तिंगळूर, कंजनूर, आलंगुडी ही त्यातील काही गावे तशी आडबाजूची. तिरुनल्लार तर पुदुच्चेरीच्या कारैकल भागात मोडते. तरीही ग्रहपीडेच्या श्रद्धेने लोक नऊही ठिकाणी जातात. त्यांच्यासाठी राज्य परिवहनच्या खास बस सोडल्या जातात, खानावळी चालतात, फुलवाल्यांची घरे चालतात. जाण्याचे कारण मिळाले तर माणूस हमरस्ता सोडतो, हे त्यातून दिसते. शनीच्या भयाने जे साधले ते कलेच्या आणि इतिहासाच्या ओढीने काही प्रमाणात तरी साधता येईल.

मराठी पर्यटकाचे नाते

महाराष्ट्रातून दक्षिणेत जाणाऱ्या सहलींत मदुराई, रामेश्वर आणि कन्याकुमारी यांना मान असतो. तंजावरच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. वास्तविक या भूमीशी मराठी माणसाचे नाते इतरांहून निकटचे आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी येथे राज्य स्थापले आणि १८५५ पर्यंत ते भोसल्यांकडे राहिले. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. तो भला विस्तृत लेख आजही तेथे आहे. भोसल्यांच्या वारशातून आलेल्या राजवाडा देवस्थानाकडे आजही ८८ मंदिरे आहेत. यांतील बृहदीश्वर सर्वांना ठाऊक असते. बाकीच्यांची नावे विचारली, तर आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येतील.

या पार्श्वभूमीवर अपेक्षा फार मोठ्या नाहीत. शासनाने प्रत्येक मंदिरातील मूर्तींची छायाचित्रांसह यादी पूर्ण करावी आणि ती जनतेसाठी खुली ठेवावी. किल्ली कोणाकडे मिळेल, हे दारावर लिहिलेले असावे. गावातील शिकलेल्या तरुणांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण मिळाले, तर मंदिराला राखणदार आणि तरुणाला चार पैसे मिळतील. सहल आखणाऱ्यांनी तीन मोठ्या मंदिरांच्या जोडीला रोज एक लहान मंदिर ठेवावे. दुपारी १२ ते ४ या वेळेत बहुतेक मंदिरे बंद असतात, हे लक्षात घेऊन वेळापत्रक आखावे. पर्यटकानेही पुजाऱ्याच्या ताटात काही ठेवावे, शिल्पांना हात लावू नये आणि परवानगी असेल तेथे छायाचित्र जरूर काढावे. आजचे छायाचित्र उद्याचा पुरावा ठरू शकते.

कुंभकोणमचा महामहम हा दर बारा वर्षांनी येणारा सोहळा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. त्यासाठी रस्ते रुंद होतील, घाट बांधले जातील, लक्षावधी भाविक येतील. महामहमची गर्दी ओसरल्यावर आसपासच्या गावांतील किती देवळांत संध्याकाळी दिवा लागतो, यावरच त्या खर्चाचे मोल ठरेल. श्रीपुरंतानचा देव परत आणायला आठ वर्षे, दोन देशांची सरकारे आणि तीन खंडांतला तपास लागला. त्याच्या दारात रोज कोणी आले असते तर यातील कशाचीच गरज पडली नसती.