शरीराचं काय? — हा प्रश्न जरा उशिरा विचारताय!

"मुली हुशार आहेत हो, पण शरीराचं काय?" सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलींचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. बोलणारे बहुधा माझ्याच वयाचे, सुशिक्षित, निवृत्त गृहस्थ असतात. वर "निसर्गापुढे कुणाचं चालतं का?" अशी पुस्तीही जोडतात. मंडळी, आज या निसर्गाबद्दलच थोडं बोलायचं आहे. मी छत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. शरीरशास्त्र माझा विषय नाही. पण मुलींच्या दुबळेपणात निसर्गाचा वाटा किती आणि आपला किती, हे वर्गात उभं राहिल्यावर चांगलं दिसतं.

आधी थोडा इतिहास, कारण ती माझी सवयच आहे. डॉक्टर आणि परिचारिका सोडून इतर शाखांत भूदलाने मुलींना अधिकारी म्हणून घेतलं ते १९९२ साली. प्रिया झिंगन आणि त्यांच्या सोबतिणी चेन्नईच्या (तेव्हाच्या मद्रासच्या) प्रशिक्षण अकादमीतून १९९३ मध्ये बाहेर पडल्या. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा निकाल दिला. त्या खटल्यातही सरकारी बाजूने शारीरिक मर्यादांचं कारण पुढे केलं होतं. न्यायालयाने ते साचेबंद समजुतींतून आलेलं म्हणून नाकारलं. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांच्यातल्या १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या. म्हणजे "जमेल का?" हा प्रश्न आता शिळा झाला. जमलं!

आता मागितलं जातं ते काय? भूदलाच्या अल्पसेवा कमिशनच्या अलीकडच्या जाहिरातींत प्रशिक्षणाला येण्यापूर्वीच्या तयारीचे आकडे दिलेले असतात. मुलींसाठी २.४ किलोमीटर १३ मिनिटांत धावणं, १५ पुश-अप्स, २ पुल-अप्स. मुलांसाठी तेच अंतर साडेदहा मिनिटांत. इथे आमचे गृहस्थ टाळी वाजवतात, "बघा, सवलत!" अहो, स्त्री-पुरुषांच्या सरासरी शरीरात फरक आहे हे कुणी नाकारलंय? स्नायू, हृदय, रक्तातलं हिमोग्लोबिन, सगळ्यात फरक आहे. पण तेरा मिनिटांचा हिशोब करून बघा. ताशी अकरा किलोमीटरचा वेग होतो. तुमच्या सोसायटीतले किती तरुण मुलगे या वेगाने धावतात ते एकदा घड्याळ लावून पाहा, मग सवलतीबद्दल बोलू. आणि पुढे अकादमीत रायफलीचं वजन मुलीच्या हातात कमी होत नाही, पाठीवरचा पिट्टूही नाही. म्हणून मी सवलत मागतच नाही. मी तयारी मागते, आणि ती अठराव्या वर्षी नव्हे, बाराव्या वर्षापासून.

कारण खरी गोम इथे आहे. सातवीपर्यंत मुलगी मुलाच्या बरोबरीने धावते. आठवीत ती थांबते. तिला कुणी "थांब" असं म्हणत नाही, पण सगळे मिळून थांबवतात. मधल्या सुट्टीत मैदान मुलांचं, मुली कट्ट्यावर डबा खात बसलेल्या. पाळी सुरू झालेली, शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नाही, मग पी.टी.च्या दिवशी पोट दुखतं. नववी-दहावीत तर पी.टी.चा तासच गणिताला दिला जातो. घरी आई म्हणते, "आता मोठी झालीस, उड्या काय मारतेस?" मुलगे लहानपणी सुरपारंब्या खेळतात, झाडाला लोंबकळतात, त्यांच्या खांद्यांत जोर काही आभाळातून पडत नाही. दोरीच्या मल्लखांबावर सराव करणाऱ्या मुली पाहिल्या आहेत का तुम्ही? त्यांना दोन पुल-अप्सचं भय दाखवून बघा, हसतील! सहा वर्षं एकाला मैदान द्यायचं, दुसरीला ओटा द्यायचा, आणि मग दोघांना फूटपट्टी लावून निकाल निसर्गाच्या नावावर टाकायचा. याला काय म्हणायचं?

दुसरी गोष्ट ताटाची. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. स्नायूंना प्राणवायू पोचवतं ते रक्तातलं हिमोग्लोबिनच. तेच कमी असेल तर दुसऱ्या फेरीतच धाप लागणार. ती धाप निसर्गाची की शेवटी जेवायला बसण्याच्या रीतीची? मुलगा भरतीची तयारी करतो तेव्हा त्याला दूध, अंडी, केळी. मुलगी तयारी करते तेव्हा, "वजन वाढवू नकोस हं, लग्नाचं पाहायचंय."

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. आता गावोगावी अकादम्या निघाल्या आहेत. काही मनापासून शिकवतात, पण बऱ्याच ठिकाणी पहिल्याच आठवड्यात मुलींना डांबरी रस्त्यावर पाच-पाच किलोमीटर पळवतात, पायात दोनशे रुपयांचे बूट. माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी अशाच एका ठिकाणी जात होती. नडगी दुखते म्हणाली तर शिक्षक म्हणाले, "फौजी व्हायचंय ना? सहन कर." तिने महिनाभर सहन केलं. शेवटी डॉक्टरांनी हाडाला बारीक तडा गेल्याचं सांगितलं. तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही, ते वर्ष गेलं. घरात सगळ्यांचं एकच, "सांगत होतो, मुलीच्या जातीला झेपत नाही!"

झेपत नाही म्हणे! नव्या सैनिकी प्रशिक्षणार्थींत असे तडे मुलींना मुलांपेक्षा अधिक जातात, हे खरं आहे. पण त्याची कारणंही माहीत झालेली आहेत. स्नायू लवकर तयार होतात, हाडं सावकाश. ताण एकदम वाढवला तर हाड हार खातं. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलीची पाळी चुकू लागते आणि हाडं आणखी कमजोर होतात. ब्रिटनच्या हवाई दलात तर मुलींना पुरुषांच्या लांब पावलांशी पाऊल जुळवून संचलन करायला लावलं, त्यांच्या कंबरेच्या हाडांना इजा झाल्या आणि २०१३ मध्ये तीन जणींना नुकसानभरपाई द्यावी लागली. तिथे चूक मुलींच्या हाडांची होती, की पावलाचं माप ठरवणाऱ्याची?

म्हणून तयारी करणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या पालकांना माझं सांगणं आहे. निदान वर्षभर हाताशी ठेवा. आधी रक्त तपासून घ्या. चालणं-धावणं आलटून पालटून सुरू करा, शक्यतो मातीवर, आणि अंतर हळूहळू वाढवा. पुश-अप्स गुडघे टेकवून सुरू केले तरी चालतात. बारला नुसतं लोंबकळणं हीसुद्धा सुरुवातच आहे. पोहायला शिका. भाकरी, डाळ, पालेभाजीवर लिंबू, शेंगदाणे-गूळ, चालत असेल तर अंडी, आणि पोटभर! पाळी चुकली किंवा हाडात एकाच जागी दुखलं तर थांबा, डॉक्टरांकडे जा. थांबणं म्हणजे भित्रेपणा नाही.

आपल्या राज्याने मुलांसाठी सैनिकी सेवापूर्व संस्था तेव्हाच्या औरंगाबादला १९७७ मध्ये काढली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला सुरू झाली ती २०२३ मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षं काही निसर्गाने घालवली नाहीत.

तेव्हा गृहस्थहो, "शरीराचं काय?" हा प्रश्न जरूर विचारा. पण निवड मंडळाच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला नको. शाळेच्या पालकसभेत उठून मुख्याध्यापकांना विचारा, की आठवीच्या मुलींचा पी.टी.चा तास कुठे गेला? घरी नातीच्या ताटाकडे बघून विचारा. तिथे उत्तर मिळालं, की पुढचं मुली बघून घेतील.