रिळावर दोर भरताना



शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडण्याचे प्रमाण आता बरेच वाढले आहे. बोटुकली कशी सोडावी, खाद्य किती द्यावे, याविषयी आपण या सदरात वेळोवेळी बोललो आहोत. आजचा विषय जरा निराळा आहे. तळ्यात मासे आले, की घरातल्या तरुण मुलांच्या हाती गळ येतो. पूर्वी वेळूची काठी आणि वावभर तंगूस एवढ्यावर काम भागे. आता काठीला चक्री असते, चक्रीवर रीळ असते आणि त्या रिळावर भरायला बाजारातून वेणीचा दोर येतो. दोर महाग असतो. पण पहिल्याच रविवारी त्याचा गुंता होतो आणि निम्मा दोर कापून टाकावा लागतो. मग मुलगा दुकानदाराला बोल लावतो आणि वडील मुलाला. वास्तविक दोष बहुधा दोराचा नसतो, तो रिळावर भरताना झालेल्या घाईचा असतो.

आधी दोराची जात ओळखू या. आपला नेहमीचा तंगूस म्हणजे नायलॉनची एकच तार. ती ताणली की लांबते आणि पाण्यात बुडते. वेणीचा दोर चार किंवा आठ बारीक पदर एकत्र विणून केलेला असतो. त्याचे धागे एका विशेष मजबूत पॉलिथिनचे असतात. तो जवळजवळ ताणत नाही, पाण्यावर तरंगतो आणि तेवढ्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी जास्त ओढ सोसतो. मात्र तो फार गुळगुळीत असतो. त्याचे बळ आणि त्याची अडचण या दोन्ही गोष्टी याच गुणांत आहेत.

रिकाम्या रिळावर थेट दोर गुंडाळू नये. तंगूस ताणून गुंडाळला की रिळाला आवळून धरतो. वेणीचा दोर तसा धरत नाही. मोठा मासा लागला, की गुंडाळलेला सगळा गोळाच रिळावर गरगर फिरतो. मूठ फिरवावी तर दोर आत येत नाही, ड्रॅगची चावी आवळावी तरी मासा दोर नेतच राहतो. चक्री बिघडली असे वाटते, पण चक्री ठणठणीत असते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, मोटारीच्या खोलीत जी काळी चिकटपट्टी असते तिचा एक वेढा रिळाच्या बुडाशी द्यावा. दुसरा आणि अधिक चांगला उपाय म्हणजे तळाशी साधा तंगूस भरून त्यावर वेणीचा दोर घ्यावा. त्यामुळे पकड बसते आणि महागडा दोरही कमी लागतो.

तंगूस किती भरावा? याचा हिशेब सोपा आहे. दोर किती जागा व्यापतो हे त्याची लांबी आणि जाडीचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरते. समजा, रिळावर छापले आहे की 0.30 मिलिमीटर जाडीचा 150 मीटर दोर मावतो. जाडीचा वर्ग 0.09. त्याला 150 ने गुणले की 13.5 येतात. ही झाली रिळाची एकूण जागा. तुमचा वेणीचा दोर 0.20 मिलिमीटरचा आणि 100 मीटर आहे. त्याचा वर्ग 0.04, गुणिले 100, म्हणजे 4. साडेतेरातून चार गेले, उरले साडेनऊ. त्याला 0.09 ने भागले, की साधारण 105 मीटर तंगूस खाली बसेल असे उत्तर येते. दोरावरची छापील जाडी तंतोतंत असतेच असे नाही, म्हणून 100 मीटरवर थांबावे. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून हा हिशेब करून घ्यावा. वर्ग कशासाठी शिकायचा, हे त्याला आपोआप समजेल.

आता प्रत्यक्ष काम. चक्री काठीच्या बुडाकडच्या तुकड्यावर घट्ट बसवावी. तंगुसाचे टोक त्या तुकड्यावरच्या पहिल्या कडीतून चक्रीकडे ओवावे. मग चक्रीवरची तारेची कमान उघडावी आणि त्यानंतरच टोक रिळाला बांधावे. कमान मिटलेली असताना गाठ मारली, तर दोर कमानीबाहेर राहतो आणि सगळे पुन्हा सोडावे लागते. ही चूक फार जणांकडून होते.

गाठ अशी मारावी. टोक रिळाभोवती फिरवून आणावे आणि मुख्य दोराभोवती एक साधी गाठ घालावी. मग उरलेल्या शेपटीला अगदी टोकाजवळ आणखी एक साधी गाठ मारावी. मुख्य दोर ओढला, की पहिली गाठ सरकफासासारखी रिळावर आवळते आणि दुसरी तिला अडवून धरते. शेपटी जवळून कापावी.

तंगूस भरून झाला, की त्याला वेणीचा दोर जोडायचा. दोन्ही टोके समोरासमोरून आणून वीतभर एकमेकांवर ठेवावीत. तंगुसाच्या टोकाचा फेरा करून त्यातून दोन्ही दोरांभोवती चार वेढे घ्यावेत आणि आवळावे. वेणीच्या दोराच्या टोकाने तसेच करावे, पण वेढे आठ घ्यावेत, कारण तो निसटता असतो. आवळण्यापूर्वी गाठ पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ ओढली तर घासून तापते आणि तिथेच दोर कमजोर होतो. शेवटी दोन्ही बाजूंचे मुख्य दोर हळूहळू ओढले, की दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना टेकतात. शेपट्या कापल्या की झाले.

यानंतर येते या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे ताण. येवल्याला किंवा पैठणला ज्यांनी माग पाहिला असेल त्यांना हे लगेच पटेल. कांडी सैल भरली असेल तर धोट्यातून सूत ओढले जाताना तिचे थर कोसळतात आणि विणकराचे काम अडते. भोवऱ्याला जाळी सैल गुंडाळली तर भोवरा फिरत नाही, हे तर प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे. वेणीच्या दोराचेही तसेच आहे. खालचे थर सैल राहिले, की मोठा कटला ओढ देताच वरचा दोर खालच्या थरांत रुततो. पुढच्या फेकीला रुतलेला दोर सुटत नाही. मग एक तर झटक्याने तुटतो, नाही तर दहा-वीस वेढे एकदम बाहेर येऊन त्यांचा चेंडू होतो.

म्हणून हे काम दोघांनी करावे. दोराच्या गुंडीच्या भोकातून पेन्सिल घालून ती एकाने आडवी धरावी, म्हणजे गुंडी फिरत फिरत दोर देईल. गुंडीवरून दोर वेटोळ्यांनी उपसू नये, त्याने पीळ पडतो. त्याच माणसाने दुसऱ्या हाताने, गुंडी आणि पहिली कडी यांच्यामध्ये, दोर ओल्या फडक्यात चिमटून धरावा. दुसऱ्याने सावकाश मूठ फिरवावी. नुसत्या बोटांत दोर धरू नये. हा दोर सुताइतका मऊ दिसतो, पण ताणाखाली सरकला की पात्यासारखा कापतो. भांगलण, काढणी, दूध काढणे ही सगळी कामे ज्या बोटांनी करायची, ती एका रिळापायी आठवडाभर बांधून ठेवायची काय?

पाच-पन्नास वेढे झाले, की थांबून अंगठ्याने रीळ दाबून पाहावे. दाबल्यावर ते सुपारीसारखे कठीण लागले पाहिजे. मऊ लागले तर तेवढा दोर काढून पुन्हा भरावा. रीळ काठोकाठ भरू नये, काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी. जास्त भरले तर दोर आपोआप ओघळतो. कमी भरले तर फेकताना दोर काठाला घासतो आणि गळ लांब जात नाही.

मोकळ्या रानात खुंटाला टोक बांधून, दोर सोडत लांब चालत जावे आणि ताण देत पुन्हा गुंडाळावा, हीदेखील चांगली रीत आहे. मात्र वाटेवर किंवा रस्त्यावर हे कधीही करू नये. ताणलेला बारीक दोर दुचाकीवरून येणाऱ्याला दिसत नाही. नायलॉन मांजाने गळे चिरल्याच्या बातम्या आपण दर संक्रांतीला वाचतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्या मांजावर देशभर बंदी घातली. गळाचा दोर पतंगाला लावण्याचा नाद मुलांना लागू देऊ नये.

रीळ भरले, आता तळ्यावर जायचे. त्याआधी चार गोष्टी घरात सर्वांनी मिळून ठरवाव्यात.

एक. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद असेल तर गळ कागदाच्या उतारावर घासत ओढू नये. गळाचे टोक कागदाला भोक पाडते आणि पाणी झिरपू लागते. गळ अडकला तर दोर हाताला गुंडाळून ओढू नये, काठीच्या तुकड्याला गुंडाळून ओढावा.

दोन. कागदाचा उतार ओला झाला की शेवाळाने निसरडा होतो. आत पडलेल्याला, पोहता येत असले तरी, वर चढता येत नाही. तळ्याला कुंपण असावे. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर वर पक्का बांधून पाण्यात सोडलेला असावा आणि काठावर हवा भरलेली ट्यूब ठेवावी. लहान मुलाला एकटे तळ्यावर पाठवू नये. रिळावर दोनशे रुपये वाचवण्याआधी या जाड दोरावर खर्च करावा.

तीन. हल्लीच्या पुष्कळ काठ्या कार्बनच्या असतात. त्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली काठी उभारू नये आणि आभाळ गडगडू लागले की काठी खाली ठेवून घर गाठावे.

चार. कापलेला दोर काठावर टाकू नये. तो कुजत नाही. बगळे, पाणकावळे यांच्या पायांत अडकतो, वैरणीतून गाई-म्हशींच्या पोटात जातो. एका बाटलीत तुकडे जमा करावेत आणि बूच लावावे.

धरणात किंवा पाझर तलावात गळ टाकायचा असेल तर आधी चौकशी करावी. पुष्कळ तलावांतील मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. त्यांनी बीज सोडलेले असते, त्यांची परवानगी घेणे हे आपले कर्तव्य आहे.

घरी परतल्यावर दोर फडक्याने पुसून सावलीत वाळवावा. रीळ चुलीजवळ ठेवू नये, हा दोर उष्णतेने लवकर वितळतो. हंगामभर वापरून वरचा भाग पिंजारला, की दोर उलटा भरावा, म्हणजे तळाचा कोरा भाग वर येतो आणि तोच दोर दुप्पट दिवस चालतो.

एवढे काम करायला अर्धा तास पुरतो. संध्याकाळी जनावरे बांधून झाल्यावर एकाने गुंडी धरावी, दुसऱ्याने मूठ फिरवावी. बापाने गुंडी धरली आणि लेकाने मूठ फिरवली, तर दोराइतकेच बोलणेही सुरळीत होईल.