सत्ययुग आकाशातही नव्हते

"पूर्वीसारखे आता काही राहिले नाही," हे वाक्य आपल्याकडे गावच्या पारापासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. पूर्वीची नाटके, पूर्वीचे गुरुजी, पूर्वीचे विद्यार्थी. इतकेच काय, पूर्वीचा पाऊससुद्धा! जे थोर होते ते घडून गेले, आता उरला तो गाळ, अशी या बोलण्यामागची समजूत असते. ती केवळ वडीलधाऱ्यांच्या गप्पांत असती तर हसून सोडून देता आली असती. पण अशीच एक समजूत खगोलशास्त्रातही बरीच वर्षे मुक्काम ठोकून होती. तिची तेथून उचलबांगडी कशी झाली, ही हकीकत आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावी असे मला वाटते.

तारे सहसा एकेकटे जन्मत नाहीत. कार्तिक महिन्यात संध्याकाळी पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर येतो. नुसत्या डोळ्यांना त्यात सहा-सात तारे दिसतात. प्रत्यक्षात तेथे हजाराहून अधिक आहेत. सुमारे 440 प्रकाशवर्षे दूर असलेले हे कुटुंब अवघे दहा-बारा कोटी वर्षे वयाचे आहे. तारकांच्या हिशेबात हे वय म्हणजे बाळपणच. अशा सैलसर पुंजक्यांना खुले तारकागुच्छ म्हणतात.

दुसरा प्रकार गोलाकार तारकागुच्छांचा. यांत लाखो तारे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दाटीने बसलेले असतात. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून अधिक गुच्छ सापडले आहेत, आणि कन्या राशीच्या दिशेला असलेल्या एम 87 या प्रचंड दीर्घिकेत त्यांची संख्या सुमारे 12,000 आहे. आकाशगंगेतील या गुच्छांचे वय बहुधा 1000 ते 1300 कोटी वर्षे भरते. विश्वाचे वयच सुमारे 1380 कोटी वर्षे! हार्लो शॅप्ली यांनी 1918 साली याच गुच्छांच्या मांडणीवरून दाखवून दिले, की सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नसून एका बाजूला आहे. माणसाला त्याची जागा दाखवणारे हे वृद्ध साक्षीदार होत.

येथेच ती समजूत जन्मली. आपल्या घरचे सारे गोलाकार गुच्छ म्हातारे. तेव्हा असे गुच्छ विश्वाच्या आरंभकाळीच घडू शकत असले पाहिजेत, हे अनुमान स्वाभाविक होते. पीबल्स आणि डिकी या शास्त्रज्ञांनी तर 1968 मध्ये असा विचार मांडला, की हे गुच्छ दीर्घिकांच्याही आधी तयार झाले असावेत. विचार बुद्धिमान होता, गणितही पक्के होते. तरीही सर्वसाधारण समजूत अशी झाली, की तो काळ गेला आणि त्याबरोबर तो साचाही मोडला. आता कृत्तिकांसारखे किरकोळ पुंजके तेवढे घडायचे.

अपवाद अगदी शेजारीच होते. मॅजेलनच्या मोठ्या मेघात, म्हणजे सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवरील लहानशा शेजारी दीर्घिकेत, तरुण आणि भरगच्च गुच्छ आहेत. पण निर्णायक पुरावा आला तो हबल दुर्बिणीकडून. 1992 साली ययाती तारकासमूहातील एनजीसी 1275 या दीर्घिकेत तरुण, निळसर, घट्ट गुच्छ आढळले. मग 1995 मध्ये ब्रॅडली व्हिटमोर आणि फ्रान्स्वा श्वायट्झर यांनी 'अँटेना' या जोडदीर्घिकेतील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही जोडी आपल्या हस्त नक्षत्राच्या दिशेला सुमारे साडेसहा कोटी प्रकाशवर्षांवर आहे. विल्यम हर्शेल यांनी ती 1785 सालीच पाहिली होती. पण तेथे दोन दीर्घिकांची टक्कर चालू आहे हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. हबलने तेथे सातशेहून अधिक निळे ठिपके दाखवले. त्यांपैकी बरेचसे नवजात तारकागुच्छ होते. कित्येकांचे वय एक कोटी वर्षांहून कमी, आणि काहींचे वस्तुमान सूर्याच्या लाखो पट. म्हणजे आकारमानाने आपल्या म्हाताऱ्या गुच्छांच्या तोडीचे, आणि वयाने तान्हे!

हे घडते कसे? दोन दीर्घिका एकमेकींत घुसतात तेव्हा तारे सहसा एकमेकांवर आपटत नाहीत. त्यांच्यामधली अंतरे त्या मानाने फार मोठी असतात. भिडतात ते वायूचे मेघ. उणे 260 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड असलेला हायड्रोजनचा मेघ बाहेरून दाबला गेला, की त्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढू लागते. मेघाचे तुकडे पडतात, तुकड्यांचे गोळे होतात, गोळे तापून तारे पेटतात. दाब साधारण असेल तर सैल पुंजका तयार होतो; दाब प्रचंड आणि वायू मुबलक असेल तर गोलाकार गुच्छाच्या योग्यतेचा गुच्छ. नियम तोच, फक्त परिस्थिती वेगळी. 2024 साली जेम्स वेब दुर्बिणीच्या साहाय्याने महास्फोटानंतर अवघ्या 46 कोटी वर्षांनी असलेल्या एका दीर्घिकेत पाच भरगच्च तरुण गुच्छ ओळखण्यात आले. तेथेही हेच दिसते: थोड्या जागेत पुष्कळ वायू, आणि त्यातून एकवटलेले तारे. प्राचीनांकडे कोणतीही गुप्त विद्या नव्हती; त्यांच्याकडे वायू होता.

कोणी म्हणेल, "म्हणजे पूर्वी अधिक गुच्छ घडत होते हे खरेच ना?" खरे आहे. आरंभीच्या विश्वात वायू पुष्कळ होता आणि टकराही वारंवार होत. आज अशी ठिकाणे विरळ आहेत. पण 'आता विरळा घडते' आणि 'आता घडूच शकत नाही' या दोन विधानांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिले विधान परिस्थितीबद्दल बोलते, दुसरे लायकीबद्दल. माझा सारा वाद या दुसऱ्या विधानाशी आहे.

मित्रहो, ताऱ्यांवरून माणसांचे भविष्य सांगण्याचा धंदा आपल्याकडे अगोदरच जोरात आहे. त्यात मला भर घालायची नाही. तारे आपल्यासाठी काही सांगत नाहीत. पण शास्त्रज्ञांची तर्कात कोठे गफलत झाली, हे मात्र आपल्याला उपयोगी आहे. त्यांनी आपल्याच अंगणातले नमुने पाहिले आणि सगळ्या विश्वाचा नियम बांधला. आपणही हेच करतो. अमुक घरांतूनच विद्वान निघाले, तेव्हा विद्वत्ता त्या घरांतच असते, असे म्हणणे म्हणजे आकाशगंगेतले गुच्छ म्हातारे म्हणून नवे होणेच नाही असे म्हणण्यासारखे आहे. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. "आमच्या वेळचे विद्यार्थी राहिले नाहीत," हे वाक्य कानी पडते तेव्हा माझ्या मनात प्रश्न येतो, की त्या वेळी आमच्यासारख्यांपैकी वर्गात किती जणी होत्या?

गुच्छांची हकीकत येथे संपत नाही. जन्मलेले सारेच गुच्छ टिकत नाहीत. सूर्याच्या परिसरात वायूमेघांच्या पोटात जन्मणाऱ्या गुच्छांपैकी शंभरांतले दहाही कृत्तिकांच्या वयापर्यंत एकत्र राहत नाहीत, असा अंदाज आहे. कारण ऐकण्यासारखे आहे. गुच्छातले जे सर्वांत तेजस्वी तारे, त्यांच्याच प्रखर प्रकाशाने आणि वाऱ्याने उरलेला वायू उधळला जातो. त्या वायूच्या ओढीनेच कुटुंब बांधलेले असते. तो लवकर निघून गेला की तारे पांगतात. पांगलेले तारे विझत नाहीत हे खरे. आपला सूर्यही असाच कुठल्या तरी गुच्छातून सुटलेला असावा, असे बहुतेक शास्त्रज्ञांना वाटते.

पण वर्गातून गळालेल्या विद्यार्थ्याबद्दल इतके निश्चिंत राहता येत नाही. प्रथम वर्षाच्या हजेरीपटावरची कितीतरी नावे द्वितीय वर्षाच्या पटावर नसतात. कोणाचे लग्न ठरते, कोणाला एस.टी.चा पास परवडत नाही, कोणी कामाला लागतो. आम्ही मात्र दरवर्षी पहिल्या तिघांचे फोटो फलकावर लावून समाधान मानतो. त्या तिघांविषयी मला आकस नाही. परंतु महाविद्यालयाची योग्यता त्या फोटोंवरून मोजायची, की पटावरची किती नावे तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली यावरून, याचा विचार आपण आणि आपल्या गुरुजनांनी करायला हवा.

ताऱ्यांना परिस्थिती बदलता येत नाही. दोन दीर्घिका जवळ येईपर्यंत वायू वाट पाहत पडून राहतो. आपल्याला ते बंधन नाही. गरजू मुलींसाठी प्रवासभाड्याचा छोटासा निधी, ग्रंथालयातील विज्ञानाचे कपाट कला शाखेलाही खुले करणे, गळालेल्या विद्यार्थ्यांच्या घरी एकदा तरी जाऊन विचारपूस करणे, या गोष्टींना कोणत्याही टकरीची गरज नाही. एवढे करून पाहावे. मग पूर्वीचे विद्यार्थी मोठे की आताचे, याचा निवाडा दहा वर्षांनी खुशाल करावा.