कट कट कट आणि "बदलून बघू"

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली की पुढच्या चाकातून 'कट कट कट' आवाज येतो. जुनी गाडी असलेल्या कुणालाही ही तक्रार ओळखीची वाटेल. त्यावर गॅरेजमध्ये मिळणारं उत्तरही ओळखीचंच : "साहेब, बदलून बघू." माझं म्हणणं एवढंच, की आधी बघू, मग बदलू.

आम्ही राहतो नाशिकला, द्वारकेवर. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड जिथे भेटतात (भेटतात कसले, भिडतात!) तो हा भाग. इथे गाडी सरळ कमी आणि वळवत जास्त चालवावी लागते, त्यामुळे असले आवाज लवकर कळतात. बाबांच्या बारा वर्षं जुन्या हॅचबॅकला तो सुरू झाला. एका चकाचक वर्कशॉपमध्ये (नाव नको) पाच मिनिटं बघून सांगितलं, स्टिअरिंग रॅक बदलावी लागेल. एस्टिमेट वीस हजारांच्या वर. कशावरून, असं विचारलं तर उत्तर आलं, "या मॉडेलला तेच जातं."

आमच्या धंद्यात कुणी असं बोललं तर त्याला टीम लीड चहा पाजून परत जागेवर बसवेल. बग आला की पहिला प्रश्न असतो, तो हमखास येतो कधी आणि येत नाही कधी? गाडीलाही हाच प्रश्न विचारायचा.

थोडं यंत्र समजून घेऊ. अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची, पुढची चाकं फक्त वळायची. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांवर दोन्ही कामं पडली, ओढायचंही आणि वळायचंही. आपल्या नाशकात बनलेल्या गाड्यांतही हा फरक दिसतो : 2002 ची स्कॉर्पिओ मागच्या चाकांवर चालणारी, 2007 ची लोगन पुढच्या. चाक वळलेलं असताना एक्सलने त्याला एकसारख्या वेगाने फिरवायचं कसं? साधा युनिव्हर्सल जॉइंट कोनात गेला की दर फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. यावर फोर्डमधल्या आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने 1920 च्या दशकात जो जॉइंट काढला, त्याच धर्तीचा आज बहुतेक गाड्यांत चाकाजवळ असतो. वाकड्या खाचांत बसवलेल्या सहा पोलादी गोळ्या, भोवती ग्रीस आणि वर रबरी बूट.

घोळ बुटापासून सुरू होतो. रबर चिरतं, ग्रीस उडून जातं, पावसाचं पाणी आणि धूळ आत शिरते, खाचांना खड्डे पडतात. पूर्ण वळणावर गोळ्या सगळ्यात जास्त सरकतात आणि त्या खड्ड्यांतून गेल्या की 'कट'. म्हणून हा आवाज चाकाच्या वेगाबरोबर वाढतो, आणि सरळ रस्त्यावर बहुधा गप्प बसतो.

आता तपासणी. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज आला तर संशय एक्सलवर नको, कारण तो फिरतच नाहीये. मग बघायचं शॉकॉब्सरच्या वरचं बेअरिंग, टायरॉड एंड, खालचा बॉल जॉइंट किंवा रॅक. उभ्या गाडीत शांतता असेल तर मोकळ्या मैदानात पूर्ण वळण ठेवून सावकाश गोल चकरा मारा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. उजवीकडे वळताना वाजत असेल तर बहुतेक वेळा डावा जॉइंट गेलेला असतो, कारण बाहेरच्या चाकावर भार जास्त. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले तर पुरावाच मिळाला. यातल्या कशालाही स्कॅनर लागत नाही.

द्वारकेजवळच्या एका उस्तादने हेच केलं. उभी गाडी गप्प, उजव्या चकरेत कटकट, खाली वाकून बघितलं तर डावा बूट फाटलेला. खड्डे पडल्यावर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागत नाही, बाहेरचा जॉइंट बदलावाच लागला. खर्च त्या एस्टिमेटच्या पाव हिश्श्यालाही पोचला नाही. आवाज गेला. पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. बिलात तपासणीचे पैसेच नव्हते. विचारलं तर हसून म्हणाला, "सिर्फ देखने का पैसा कौन देता है?"

खरी गोम इथे आहे. डॉक्टरची फी आपण गोळ्या घेण्याआधी देतो. मेकॅनिकने मात्र निदान फुकट करायचं आणि पोट भरायचं पार्ट विकून. मग अर्धा तास मैदानात चकरा मारण्यापेक्षा महागडा पार्ट बदलणं त्याला परवडणारच. वर्कशॉपला शिव्या घालणं सोपं आहे, पण "बदलून बघू" हे उत्तर आपणच पोसलंय.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. चुकीचा पार्ट बदलला तर खरा दोष तिथेच राहतो. जॉइंट तुटला तर गाडी बहुधा जागेवर थांबेल. पण तो आवाज ढिल्या टायरॉड एंडचा किंवा बॉल जॉइंटचा असेल, आणि तो निखळला, तर चाक स्टिअरिंगचं ऐकेनासं होतं. बाबा महिन्यातून दोनदा कसारा घाट उतरतात. तिथे मला "या मॉडेलला तेच जातं" यावर भरवसा ठेवायचा नाहीये.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये सरळ सांगा : तपासायचे पैसे वेगळे घ्या, पण काय गेलंय ते आधी दाखवा. उस्तादच्या हातावर मी त्या दिवशी दोनशे रुपये जास्तीचे ठेवले. तो घेईना. बाबांनी समजावलं तेव्हा कुठे घेतले :)