घणांचं कौतुक पुरे, खोल्यांचं बोला

डेव्हिड ॲटनबरोंच्या वन्यजीव-मालिका मराठी घरांतही आवडीने पाहिल्या जातात. त्यांपैकी ‘द लाइफ ऑफ बर्ड्स’साठी पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्यांत ख्रिस वॉटसन होते. मे १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात याच गृहस्थांच्या बँडवर प्रेक्षक धावून गेले होते.

वॉटसन तेव्हा टेलिफोन इंजिनिअर. रिचर्ड कर्क आणि स्टीफन मॅलिंडर या दोस्तांना घेऊन ते घराच्या माळ्यावर टेपरेकॉर्डरशी खटपट करत बसत. रूढ अर्थाने वादक असं त्यांच्यात कोणी नव्हतंच. बँडचं नाव कॅबरे व्हॉल्टेअर, झुरिकमधल्या दादावादी कलावंतांच्या अड्ड्यावरून उचललेलं. त्या रात्री लोक नाचायला आले होते. यांनी ड्रमऐवजी वाफेवर चालणाऱ्या घणाचा आवाज टेपवर फिरवत ठेवला आणि वर कर्कने क्लॅरिनेट धरली. पब्लिक स्टेजवर चढलं, हाणामारी झाली आणि पाठीच्या हाडाला मार लागलेल्या मॅलिंडरची रवानगी हॉस्पिटलात झाली.

या शहराच्या संगीताबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पोलादाच्या कारखान्यांत रात्रंदिवस घण पडायचे, तो ठोका पोरांच्या कानात बसला आणि त्यातून हे यंत्रसंगीत जन्मलं. त्या टेपमुळे ही गोष्ट सोळा आणे खोटी म्हणता येत नाही. पण घण पिट्सबर्गमध्येही पडत होते आणि जमशेदपुरातही. शेफिल्डकडे आणखी काही होतं: स्वस्त जागा आणि पोरांवर पैसा खर्च करणारी नगरपालिका. ही बाजू कोणी फारशी रंगवून सांगत नाही, कारण त्यात ठिणग्या उडत नाहीत.

सुऱ्या-चमच्यांचा धंदा बसत चालला तशा शहरातल्या जुन्या कारखानी इमारती ओस पडू लागल्या. अशाच एका, वेस्टर्न वर्क्स नावाच्या इमारतीत कॅबरे व्हॉल्टेअरने जागा भाड्याने घेतली आणि स्वतःचा स्टुडिओ थाटला. तासावर पैसे मोजायचे नसल्याने एकच आवाज हवा तेवढा वेळ पिळता येई. १९७९ चं त्यांचं ‘नॅग नॅग नॅग’ ऐकावं: खरखरीत गिटार, डब्यावर काठी आपटावी तसा ड्रम-मशीनचा ठोका आणि गाळात बुडवून काढल्यासारखा गळा. त्यांचं पुष्कळसं काम आजही कानाला त्रास देतं, हे मान्य. पण गायक इयान कर्टिसच्या मृत्यूनंतर चाचपडणाऱ्या न्यू ऑर्डर या बँडनेही १९८० मध्ये याच स्टुडिओत येऊन कच्ची ध्वनिमुद्रणं केली.

नगरपालिकेचं म्हणाल तर १९७२ पासून ‘मीटव्हिसल’ नावाची तरुणांची नाट्यशाळा तिच्या पैशांवर चालत होती. मार्टिन वेअर, इयान क्रेग मार्श आणि ग्लेन ग्रेगरी हे तिघेही तिथलेच. पैकी पहिल्या दोघांनी ह्यूमन लीग या बँडचा पाया घातला. पुढे त्यातून फुटून त्यांनी ग्रेगरीसह हेवन सेव्हन्टीन हा बँड काढला. शिवाय शेफिल्ड ज्यात येतं त्या साउथ यॉर्कशायरमधलं बसभाडं १९७५ पासून १९८६ पर्यंत जवळजवळ गोठवलेलं होतं. उधळपट्टीचा नमुना म्हणून लंडनहून त्यावर टीका झाली. खिशात दमडी नसलेल्या पोराला मात्र त्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला सरावाला जाता येत होतं.

यात कोणी हिट गाणी मिळतील म्हणून पैसे ओतले नव्हते. तरी त्याची फळं पुढे दूरवर दिसली. वॉटसन १९८१ मध्ये बँड सोडून टीव्हीच्या नोकरीत गेले आणि माळ्यावर शिकलेलं आवाज टिपण्याचं कसब पाखरांमागे लावलं. शेफिल्डमध्येच १९८९ साली वॉर्प रेकॉर्ड्स उभी राहिली. तिची पहिली तबकडी फोर्जमास्टर्स यांची. नाव एका स्थानिक पोलाद कारखान्यावरून. पाठोपाठ कर्कही ‘स्वीट एक्झॉर्सिस्ट’ या नावाने त्याच कंपनीकडून आला.

शेफिल्डला आता या वारशाचा अभिमान आहे. पण १९८० मध्ये एका जुन्या पीठगिरणीत स्वयंसेवकांनी उभा केलेला लेडमिल हा क्लब २०२५ मध्ये कोर्टात हरला आणि त्याला ती इमारत सोडावी लागली. निकाल जागेच्या मालकाच्या बाजूने लागला आणि कायद्याने तो तसाच लागणार होता. आज माळ्यावर खटपट करणाऱ्या पोरांनी भाड्याचे पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. तो नगरपालिकेपुढे आहे.