मतदारांचा कौल मोडणारे न्यायालय : थायलंडच्या जनतेच्या बाजूने

१४ मे २०२३ रोजी थायलंडच्या मतदारांनी पाचशे जागांच्या प्रतिनिधिगृहात मूव्ह फॉरवर्ड पक्षाला १५१ जागा देऊन पहिल्या क्रमांकावर बसवले. पक्षाच्या यादीला १ कोटी ४० लाखांहून अधिक मते पडली. सक्तीची लष्करभरती बंद करू, राजाच्या अवमानाचे कलम ११२ सौम्य करू, नवी राज्यघटना आणू, असे उघड सांगून त्यांनी ही मते मागितली होती. आठ पक्षांची आघाडी झाली, खालच्या सभागृहात स्पष्ट बहुमत जमले. तरीही १३ जुलैला पक्षाचे नेते पिता लिमजारोनरात यांच्या नावावर मतदान झाले तेव्हा पंतप्रधानपदासाठी लागणाऱ्या ३७५ मतांपैकी त्यांना ३२४ मिळाली, कारण त्या मतदानात २५० सिनेटरांनाही हक्क होता आणि त्यांतले फक्त १३ जण त्यांच्या बाजूने उभे राहिले. हे सिनेटर जनतेने निवडलेले नव्हते. २०१४ मध्ये बंड करून सत्ता घेतलेल्या सेनाधिकाऱ्यांनी त्यांना नेमले होते. पुढे ७ ऑगस्ट २०२४ रोजी संविधान न्यायालयाने पक्षच विसर्जित केला आणि त्याच्या ११ पदाधिकाऱ्यांना दहा वर्षे राजकारणातून बाद केले. त्यांचा अपराध काय, तर कलम ११२ मध्ये दुरुस्ती करण्याचे वचन. संसदेत कायदा बदलू असे निवडणुकीत सांगणे म्हणजे राजवट उलथवण्याचा प्रयत्न, असे त्या न्यायालयाने ठरवले.

थायलंडमध्ये आज लष्कराला दर वेळी रस्त्यावर रणगाडे आणावे लागत नाहीत, कारण रणगाड्यांचे काम न्यायालय करते, हे आमचे म्हणणे आहे. ते सिद्ध करायला गुप्त कागदपत्रांची गरज नाही, २०१७ ची राज्यघटना पुरेशी आहे. बंडानंतर जनरल प्रयुत चान-ओचा यांच्या राजवटीत ती लिहिली गेली. तिच्यानुसार संविधान न्यायालयाचे नऊही न्यायाधीश सिनेटच्या मंजुरीनेच नेमले जातात. निवडणूक आयोग आणि भ्रष्टाचारविरोधी आयोग यांचे सदस्यही तसेच. पहिली सिनेट बंडवाल्यांनी नेमलेली होती आणि तिन्ही सेनादलांचे प्रमुख तिचे पदसिद्ध सदस्य होते. २०२४ मध्ये दोनशे जणांची नवी सिनेट आली. तिच्यातही मतदाराला जागा नाही. अडीच हजार बाट शुल्क भरून उमेदवार झालेल्यांनीच आपापसांत मते देऊन ती निवडली. आणि ही सगळी रचना बदलायची म्हटले तर घटनादुरुस्तीला सिनेटच्या किमान एक तृतीयांश सदस्यांची संमती हवी. म्हणजे ज्यांना दूर करायचे, त्यांचीच परवानगी घ्यायची.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. १९३२ मध्ये निरंकुश राजेशाही संपल्यापासून त्या देशात डझनभर बंडे यशस्वी झाली आणि २०१७ ची घटना ही विसावी. १९५३ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की बंड यशस्वी झाले की बंडवाल्यांना कायदे करण्याचा अधिकार मिळतो. फौजदारी संहितेचे कलम ११३ घटना उलथवणाऱ्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगते, पण ते कलम कोणा यशस्वी बंडवाल्याला लागलेले नाही. २०१४ च्या बंडाविरुद्ध काही धाडसी नागरिक याच कलमाखाली न्यायालयात गेले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत पाठवले, कारण बंडवाल्यांनी स्वतःच लिहिलेल्या हंगामी घटनेत स्वतःला माफी दिलेली होती. आजच्या घटनेचे कलम २७९ त्या राजवटीचे सगळे हुकूम घटनासंमत ठरवून मोकळे होते. न्यायालयाने इथे फक्त डोळेझाक केली असे म्हणणे अपुरे आहे; जबरदस्तीने घेतलेल्या सत्तेला कायदेशीर सत्ता करून देण्याचे काम त्याने केले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: कायदा म्हणजे कायदा, नियम मोडला तर पद जाणारच, त्यात लष्कराचा काय संबंध? या आक्षेपाचे उत्तर संविधान न्यायालयाचे निकाल शेजारी-शेजारी ठेवले की मिळते. २००८ मध्ये पंतप्रधान समक सुंदरवेज यांचे पद गेले, कारण दूरचित्रवाणीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम सादर करून ते मानधन घेत होते. २०२० मध्ये प्रयुत यांच्यावर आरोप होता की सैन्यातून निवृत्त होऊनही ते लष्कराच्या घरात फुकट राहतात. तिथे न्यायालयाला काहीच गैर दिसले नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात हेरॉइन प्रकरणी तुरुंगवास भोगलेले थम्मनत प्रोम्पाओ प्रयुत यांच्या मंत्रिमंडळात कायम राहिले, कारण शिक्षा परदेशी न्यायालयाची होती. आणि २०२४ मध्ये सेत्था थाविसिन यांना पंतप्रधानपदावरून काढले, कारण न्यायालयाच्या अवमानाबद्दल सोळा वर्षांपूर्वी सहा महिने शिक्षा झालेल्या एका वकिलाला त्यांनी मंत्री केले. घटनेत पंतप्रधानपदाला आठ वर्षांची मर्यादा आहे. २०१४ मध्ये पंतप्रधान झालेल्या प्रयुत यांची ती २०२२ मध्ये भरली, तेव्हा मोजणी २०१७ पासून करायची असा निर्णय सहा विरुद्ध तीन मतांनी आला. एखादा निकाल सुटा वाचला तर त्याच्यामागे युक्तिवाद सापडेलही. पण तराजू नेहमी एकाच बाजूला झुकत असेल, तर खोट तराजूत आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा आणि त्यांच्या कुटुंबाची सरकारे स्वच्छ होती का? नव्हती. थाकसिन यांच्या काळात, २००३ मध्ये, अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत काही महिन्यांत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. २५ ऑक्टोबर २००४ रोजी दक्षिणेतल्या ताक बाई इथे निदर्शने करणाऱ्या मुस्लिम तरुणांना हात मागे बांधून लष्करी ट्रकांत एकावर एक रचले गेले आणि त्यांतले ७८ जण वाटेतच गुदमरून मेले. एकूण बळी ८५. या गुन्ह्यांसाठी थायलंडच्या न्यायालयांनी कोणाला शिक्षा केली? ताक बाईच्या खटल्याची मुदत २५ ऑक्टोबर २०२४ रोजी संपली, तोवर एकही आरोपी न्यायालयासमोर उभा राहिला नव्हता. लोकनियुक्त सरकारच्या पदरचे हे पाप लष्कराच्या हातून घडले होते आणि ते तसेच बुडाले. म्हणून भ्रष्ट पुढाऱ्यांना आवरायला हे न्यायालय हवे, हा दावा आम्हाला पटत नाही. पुढाऱ्यांचे जे गुन्हे खरोखर भयंकर होते ते त्याने सोडले आणि सरकार पाडायला पुरतील तेवढी किरकोळ कारणे उचलली.

लोकांनी २०१६ च्या सार्वमतात ही घटना मंजूर केली, असेही सांगितले जाते. केली, सुमारे ६१ टक्के मतांनी. पण त्या वेळी लष्करी राजवट होती, आणि मसुद्याविरुद्ध प्रचार करणाऱ्यांवर दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेल्या कायद्याखाली खटले भरले जात होते. एका बाजूचे तोंड बांधून घेतलेल्या कौलाला संमती म्हणता येत नाही.

तिथल्या सामान्य माणसाची चीड या सगळ्यातून आली आहे. दर एप्रिलमध्ये एकविशीतले तरुण भरतीच्या केंद्रावर रांगेत उभे राहतात आणि भांड्यात हात घालून चिठ्ठी काढतात. काळी निघाली तर सुटका, लाल निघाली तर दोन वर्षांपर्यंत सैन्यात. हे बंद करू म्हणणाऱ्या पक्षाला त्यांनी मत दिले आणि तो पक्ष उरला नाही. कलम ११२ खाली प्रत्येक आरोपाला तीन ते पंधरा वर्षे कैद आहे. जानेवारी २०२१ मध्ये सरकारी नोकरी केलेल्या एका प्रौढ महिलेला इंटरनेटवर ध्वनिफिती पसरवल्याबद्दल ८७ वर्षांची शिक्षा झाली; गुन्हा कबूल केला म्हणून ती निम्मी केली गेली. खुद्द न्यायाधीशांमध्येही घुसमट आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये याला प्रांतातल्या एका न्यायाधीशाने वरिष्ठ आपल्या निकालात हस्तक्षेप करतात असा आरोप करून भर न्यायालयात स्वतःवर गोळी झाडली. तेव्हा तो वाचला, पण काही महिन्यांनी त्याने आयुष्य संपवले.

हे सगळे आपण का वाचायचे? महाराष्ट्रातून हजारो कुटुंबे दरवर्षी फुकेत, पट्टाया, बँकॉकला जातात. थायलंडच्या भिक्खूंनी २०२३ मध्ये परभणीपासून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत धम्म पदयात्रा केली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी बँकॉकमध्ये थायलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांच्यासोबत दोन्ही देशांची सामरिक भागीदारी जाहीर केली. त्याच पेतोंगतार्न यांना त्याच वर्षी २९ ऑगस्टला संविधान न्यायालयाने घरी पाठवले. कारण कंबोडियाचे नेते हुन सेन यांच्याशी त्या फोनवर बोलल्या आणि त्यात आपल्याच एका सेनाधिकाऱ्याविषयी नाराजी व्यक्त केली. ते बोलणे चुकीचे होतेच. त्याचा जाब संसदेने विचारायचा होता आणि शेवटचा शब्द मतदारांचा असायला हवा होता. नऊ न्यायाधीशांच्या न्यायालयाने तो दोघांच्याही हातून काढून घेतला. हा त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे असे म्हणून गप्प बसणारा माणूस त्या भांडणात तटस्थ राहत नाही. तिथे एकाच पक्षाकडे बंदूक आहे आणि गप्प बसण्याचा फायदा त्यालाच होतो.

थायलंडच्या लोकशाहीवाद्यांच्या मागण्या साध्या आहेत. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींकडून नवी घटना लिहून घ्यावी, न्यायाधीश नेमण्याचा अधिकार लोकनियुक्त सभागृहाकडे यावा, कलम २७९ जावे आणि बोलण्यासाठी कोणी तुरुंगात सडू नये. या मागण्यांना आमचा पाठिंबा आहे. वाचकांना विनंती आहे की आपल्या भागातल्या खासदाराला पत्र लिहा आणि भारत सरकारने बँकॉकशी बोलताना कलम ११२ च्या कैद्यांचा विषय काढावा अशी मागणी करा. ज्या वाचनालयांत, महाविद्यालयांत, बुद्धविहारांत या विषयावर सभा घेता येईल तिथे ती घ्या, आणि हे पत्रक वाचून झाले की पुढच्या माणसाच्या हाती द्या.